जहाज वाढलं

“जहाज वाढला,” सारंग म्हणाला.

मी टाक दौतीत बुडवला, वर काढला, टोकावरचा थेंब दौतीच्या काठाला पुसला आणि थांबलो. एवढी सवड दिली की माणूस बहुधा आपलं म्हणणं सुधारतो, असा माझा दोन महिन्यांच्या नोकरीतला अनुभव होता. सारंगानं काही सुधारलं नाही. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. तो टेबलासमोर उभा होता. अंगात आफ्रिकेतल्या कुणा धर्मादाय मडमेनं दिलेला, गोऱ्या माणसाच्या मापाचा कोट. त्याच्या बाह्या त्यानं चार वेळा दुमडल्या होत्या. काखेत पत्र्याची नळी. खलाशाचे सगळे कागद अशा नळीत गुंडाळलेले असत, म्हणून त्या कागदांनाही नळीच म्हणत. नळी असली तर जहाजावर घेत. नसली तर माणूस माशासारखा पोहणारा का असेना, तो खलाशी नव्हे. या सारंगाच्या नळीतले कागद खाऱ्या पाण्यानं भिजून त्यांचा लगदा झाला होता. तो लगदा त्यानं माझ्या टेबलावर ओतून दाखवला होता आणि मी त्याची रीतसर पोच दिली होती.

“वाढलं म्हणजे?” मी विचारलं.

“तुमच्यात नारळ काय करतत?”

“वाढवतात.”

“बायलमाणसाची बांगडी?”

“वाढते.”

“तसा जहाज वाढला. लिवा.”

हे बेचाळीस सालच्या ऑगस्टमधलं. बाहेर शहरात ‘चले जाव’ चालू होतं आणि आत आम्ही कोण कुठं गेलं याची नोंद ठेवत होतो. बंदरालगतच्या त्या कचेरीचं पूर्ण नाव सांगत नाही. तिथं तीस-तीस वर्षं काढलेल्यांनाही ते पूर्ण येत नसे. मी वाईचा. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेलो. समुद्र पाहिला तो या नोकरीत, आणि तोही कचेरीच्या संडासातून, कारण बाकीच्या सगळ्या खिडक्यांना ब्लॅकआउटसाठी काळा कागद चिकटवलेला होता. दिवसा तो काढायचा की नाही याबद्दल हुकूम नव्हता, म्हणून काढत नसत.

माझं काम खलाशांच्या जबान्या मराठीत ऐकून इंग्रजीत उतरवायचं. माझ्या आधी या खुर्चीवर कीर नावाचे गृहस्थ होते, ते कवी होते. एका खलाशानं “पाणी आत इला” एवढंच सांगितल्यावर त्यांनी समुद्राच्या निष्ठुरपणावर बारा ओळी लिहिल्या आणि त्या लंडनला गेल्या. कीरांची बदली झाली आणि मागं एक परिपत्रक राहिलं: भाषांतरकारानं शब्दाला शब्द द्यावा, विचार करू नये. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, सारंगाकडे पाहिलं आणि इंग्रजीत लिहिलं, ‘द शिप ग्रू.’

खोटं कशाला सांगू, लिहिताना मला गंमतही वाटली. बावीस वर्षांच्या माणसाच्या हातात टाक आणि परिपत्रक एकदम आलं की असं होतं.

बाकीची जबानी सरळ होती. जहाजाचं नाव एस. एस. मार्गरेट डॉसन; खलाशी तिला मागरेट म्हणत. मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेली. पोटात ताग, चहा आणि तिकडच्या पलटणींसाठी तीस हजार भेंडाच्या सोला हॅट. जूनच्या अखेरीस एका सकाळी, चहा झाल्यावर, पाणबुडीचा टॉर्पेडो मध्यावर बसला. वीस मिनिटांत जहाज वाढलं. कप्तान आणि गोरे अधिकारी एका होडीत गेले आणि दुसऱ्या जहाजानं परस्पर विलायतेला पोचले. आमच्या नोंदीतले सतरा खलाशी दोन होड्यांत उतरले. एकीत सारंग धरून दहा. दुसरीत सात, बाबल भंडाऱ्याच्या हाताखाली. जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. हा बाबल मालंडकर जातीनं गाबीत होता, आणि या गोंधळावरून कचेरीत एक वेगळी फाइल होती.

“हॅटींचं काय झालं?” मी विचारलं, कारण फॉर्ममध्ये मालाचा रकाना होता.

“दर्याभर टोपयो तरंगत होत्यो,” सारंग म्हणाला. “इतक्यो टोपयो, आणि खाली एकव सायब नाय.”

दोन दिवस दोन्ही होड्या एकमेकींना दोरी बांधून होत्या. तिसऱ्या दिवशी वादळ आलं आणि दोरी तुटली. सारंगाची होडी पाचव्या दिवशी एका जहाजाला दिसली. बाबलची होडी कुणाला दिसल्याचं अजून कळलेलं नव्हतं.

मी जबानी वाचून दाखवली. सारंगानं अंगठा उठवला. नाव विचारलं तेव्हा त्यानं जरा थांबून, समोरच्या भिंतीवर लिहिल्यासारखं वाचत सांगितलं, “सोनू रामा गिरकर.”

कागद हेडक्लार्कांकडे गेला. मोरेश्वर त्रिलोकेकर हे आमचे हेडक्लार्क. गळाबंद कोट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा आणि टेबलावर पानाचा डबा. बत्तीस वर्षं नोकरी. निवृत्तीपूर्वी रावसाहेब व्हावं एवढी एकच इच्छा उरलेली. त्यांनी मला बोलावलं.

“खासनीस, हे जहाज वाढलं म्हणता?”

“सारंग म्हणतो.”

“जहाज काय कार्टं आहे वाढायला? अहो, बुडालं ते. सुधारा.”

मी परिपत्रक पुढं केलं. त्रिलोकेकरांना परिपत्रकाचा राग येणं शक्य नव्हतं; घरी पोथी आणि कचेरीत परिपत्रक. शिवाय जबानी ज्याची त्याच्या शब्दांत हवी, हा नियम त्यांनीच लिहिलेला होता. तेव्हा मार्ग एकच उरला. सारंगाच्या तोंडून ‘बुडालं’ हा शब्द काढायचा.

तुम्ही विचाराल, लंडनला कप्तान पोचला होता ना? पोचला होता. लंडनला सगळं माहीत होतं. पण लंडननं आम्हाला सांगितलं असतं तर ते गुपित राहिलं नसतं. खलाशांच्या बाबतीत आमचा कागद तोच कागद.

दुसऱ्या दिवशी त्रिलोकेकरांनी स्वतः सारंगाला समोर घेतलं. आधी गोडीनं विचारलं. मग घरगुती उदाहरणं झाली. विहिरीत घागर पडली तर घागरीचं काय होतं? सारंग म्हणाला, आमच्या विहिरीत नुसता चिखल असा, घागर बसता. गणपतीचं काय होतं? विसर्जन. सूर्याचं संध्याकाळी काय होतं? मावळता. त्रिलोकेकरांनी चष्मा पुसला. मग ते उठले, पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता घेतला आणि आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथं विमानहल्ल्यासाठी पाण्यानं भरलेल्या लाल बादल्या ओळीनं टांगल्या होत्या. त्यांनी सगळ्या कचेरीसमक्ष अडकित्ता बादलीत सोडला.

“काय झालं?”

सारंगानं बादलीत वाकून नीट पाहिलं. “तळाक गेलो.”

“म्हणजेच काय झालं? एका शब्दात.”

“गेलो.”

“आणि जहाज?”

“जहाज वाढला.”

मग अडकित्ता कोणी काढायचा हा प्रश्न निघाला, कारण विमानहल्ल्याच्या बादल्यांत हल्ल्याखेरीज हात घालायला मनाई होती. शेवटी सारंगानंच कोटाची बाही आणखी दोनदा दुमडून तो काढून दिला.

तिसऱ्या दिवशी त्रिलोकेकर अडकित्त्याशिवाय आले आणि दाखला देऊ लागले. या कचेरीत नेमकेपणाला किती महत्त्व आहे ते सारंगानं समजून घ्यावं, म्हणून त्यांनी मागच्या लढाईतली गोष्ट सांगितली. सतरा सालची. मालवणकडचाच कोणी खलाशी. जहाज बुडालं म्हणून नोंद झाली, तेव्हा तोही बुडाला म्हणून नोंद झाली. नऊ महिन्यांनी स्वारी या व्हरांड्यात हजर. म्हणे मी जिवंत आहे, नळी द्या. कचेरीनं त्याला नम्रपणे कळवलं की तुमची नोंद पूर्ण झालेली असून ती पुन्हा उघडण्याची तरतूद नाही. तो रोज येई. उन्हाळाभर आला. एकदा बेंबीच्या देठापासून ओरडलासुद्धा. त्यावर शेरा पडला की ओरडणं हा पुरावा नव्हे.

“त्या केसवरचं टिपण मीच लिहिलं,” त्रिलोकेकर म्हणाले. “चार पानी. अजून दाखला म्हणून वापरतात.”

“मगे त्या माणसाचा काय झाला?” सारंगानं विचारलं.

“कोण जाणे. यायचा बंद झाला. नाव आठवत नाही, पण निकाल आठवतो.”

सारंगानं त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. मग म्हणाला, “जहाज वाढला.”

त्याच दुपारी कप्तान प्रिंगलसाहेबांनी कागद वर मागवला. साहेब आरमारातून निवृत्त झालेले, लढाईमुळे परत बोलावलेले, उजव्या कानानं ठार बहिरे. त्यांनी ‘ग्रू’ वाचलं. पुन्हा वाचलं. मला विचारलं, तो खरंच असं म्हणाला? मी म्हटलं, शब्दाला शब्द. बुडालं असं एकदाही म्हणाला नाही? तीन दिवसांत एकदाही नाही, त्रिलोकेकर घाम पुसत म्हणाले. अडकित्त्याचं त्यांनी सांगितलं नाही.

साहेबांच्या पाठीमागं भिंतीवर एक मोठं चित्र होतं. दोन माणसं हॉटेलात बोलताहेत आणि तिसरा कान लावून ऐकतोय; खाली इशारा, की जहाजांबद्दल चकार शब्द काढू नका. साहेब वळून त्या चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांचे डोळे पाणावले. त्यांचं म्हणणं असं पडलं, की आपण सहा महिने ही चित्रं लावतोय आणि सबंध मुंबईत ती समजली ती या एका अडाणी माणसाला. तीन दिवस उलटतपासणी झाली तरी त्यानं शत्रूच्या उपयोगाचा शब्द तोंडातून काढला नाही. असली माणसं हवीत. त्यांनी लाल शाईची लेखणी उचलून स्वतःच्या हातानं रकान्यात लिहिलं, ‘व्हॉयेज एक्स्टेंडेड.’ प्रवास वाढवला.

साहेबाच्या हातचं अक्षर म्हणजे आमच्याकडे वेदासारखं अपौरुषेय. त्याचा अर्थ लावता येई, त्यात दुरुस्ती करता येत नसे.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मार्गरेट डॉसन समुद्रावर होती. म्हणजे तिचे सतराही खलाशी तिच्यावर होते. म्हणजे सारंग आणि त्याचे नऊ जण, जे व्हरांड्यात उकिडवे बसून शेंगा खात होते, ते व्हरांड्यात नव्हते. नवी नळी मागायला आले की त्रिलोकेकर त्यांना सांगत, तुमचं जहाज परत येऊ द्या. नळीशिवाय दुसरं जहाज मिळत नव्हतं. गावी जावं तर लढाईत जहाज सोडून पळाल्याचा बोभाटा होणार, कारण चौकशीला आमच्या कचेरीकडून उत्तर जाणार की जहाज व्यवस्थित आहे. चूक माझी होती. म्हणजे परिपत्रकाची होती, पण परिपत्रकाला रात्री झोप येत होती.

एका रविवारी सकाळी मी माझगावला गेलो. त्यांच्या गावकीची एक खोली होती. तीस माणसांच्या पेट्या आणि बारा माणसं झोपतील एवढी जागा. सारंग दारात बसून कोटाची बाही कापून रुमाल शिवत होता. आतून एक म्हातारा ओरडला, “भिवा, कोणतरी भट इलोसा.” मला वाटलं घरचं लाडाचं नाव असेल.

मी म्हटलं, सारंग, एक शब्द आहे. उद्या येऊन म्हणा. साहेबांना मी समजावतो. नळ्या मिळतील.

आप्पा खवणेकर म्हणून होडीतला एक जण होता, तो मागून म्हणाला, “आमी ह्याच बोंबलतोव. महिनो झालो. सारंगानू, जहाज काय तुमच्या बापाशीचा होता? बुडला म्हणा आणि मोकळे होवा.”

“तू म्हण,” सारंग म्हणाला.

“माजा कोण लिवता? सारंगाचाच लिवतत.”

सारंगानं दाभण रुमालात टोचून ठेवलं आणि माझ्याकडे वळला.

“बुडला म्हणूक माजा काय जाता, कारकुनानू? तां बुडलाच. माज्या डोळ्यांनी बघितलंय. पण तुमच्या कागदार दोन रकाने असत. पयल्यात जहाज, दुसऱ्यात माणसा. पयल्यात बुडला लिवलात तर दुसऱ्यात बाबलाच्या होडीतल्या सात माणसांचा काय लिवतात?”

काय लिहितो ते त्याला माहीत होतं. जहाज ‘बुडालं’ आणि माणूस हजर नाही, तर माणूसही ‘बुडाला’. दुसरा शब्द फॉर्ममध्ये छापलेलाच नव्हता.

“तां मी बघूक नाय,” सारंग म्हणाला. “दोरी तुटली, तां बघितलंय. बाबल टोपी हलयत होतो, तां बघितलंय. बुडली तां बघूक नाय. एकदा तुमच्या वहीत माणूस मेलो काय तो जितो होणा नाय. तुमच्या मोठ्या सायबानच सांगला मां?”

“आणि ते कधीच आले नाहीत तर?”

“तर मी हयसर बसान रुमाल शिवतंय.”

आप्पानं कपाळावर हात मारून घेतला. पण मग सारंगाला दोरा ओवून दिला. सातांतला एक त्याचा चुलतभाऊ होता.

मी सोमवारी कचेरीत गेलो आणि साहेबांना समजावलं नाही. त्या नोकरीत मी स्वतःहून केलेलं पहिलं काम ते.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दहा जणांतले तिघे माझगावच्या गिरणीत लागले, एक भाजी विकू लागला. समुद्रावर असलेली माणसं शहरात बरीच दिसू लागली. एकदा आप्पाच्या टोपलीतून मी वांगी घेतली तेव्हा तो म्हणाला, घ्या, मागरेटीवरची असत.

नोव्हेंबरात तार आली. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतलं कुठलं तरी बंदर, नाव वाचायला तीन माणसं लागली. मजकूर असा की जुलैमध्ये या किनाऱ्याला एक होडी लागली. आतले लोक कोणालाही न कळणारी भाषा बोलत होते, कागद नाहीत. चार महिने त्यांना हेर म्हणून कोठडीत ठेवलं. आता इथं बदलून आलेल्या एका गोव्याच्या कारकुनाला त्यांचं बोलणं कळलं. ते म्हणतात आम्ही मार्गरेट डॉसनचे. असं जहाज आहे काय, आणि ही तिची माणसं आहेत काय? नसल्यास बेवारशी समजून त्यांना घायपाताच्या मळ्यावर धाडण्यात येईल.

मी तार दोनदा वाचली. त्रिलोकेकरांनी एकदाच वाचली. त्यांनी नोंदवही मागवली. मार्गरेट डॉसनचं पान काढलं. त्यावर बोट ठेवून जहाजाचं नाव तारेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

मला त्या वेळी डोळ्यांसमोर दुसरं पान दिसत होतं, जे मी दुरुस्त केलं असतं तर झालं असतं. ‘बुडाले, सात.’ त्यावर बोट ठेवून त्रिलोकेकरांनी काय उत्तर धाडलं असतं ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो. त्यांच्याकडे चार पानी दाखला होता.

“जहाज आहे,” ते म्हणाले. “प्रवास वाढवलेला आहे. माणसंही आपलीच. लिहा, खासनीस. होय, जहाज अस्तित्वात आहे, होय, माणसं तिचीच आहेत, परत पाठवावीत. आणि शेवटी लिहा, परवानगीशिवाय जहाज सोडल्याबद्दल त्यांना समज द्यावी.”

मी सगळं लिहिलं. समजसुद्धा.

जानेवारीत ते आले. सात नव्हते, सहा होते. ओळीनं व्हरांड्यात उभे राहिले तेव्हा सगळी कचेरी बाहेर आली, कारण सहाही जणांच्या डोक्यावर पलटणीच्या सोला हॅट होत्या, उन्हानं आणि खारानं पांढऱ्याफटक पडलेल्या. बाबल भंडारी एवढासा माणूस. टोपीखाली त्याचं तोंड शोधावं लागत होतं. टोपीतच त्यांनी पावसाचं पाणी धरलं होतं, टोपीतच मासे ठेवले होते.

सारंग जिन्यावरून वर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता मिठी मारतील.

“उशीर केलंस,” सारंग म्हणाला.

“दोरी तुमची कुजकी होती,” बाबल म्हणाला.

मग सारंगानं माणसं मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली.

“तातू?”

“अकराव्या दिसाक,” बाबल म्हणाला. “ताप इलो. दर्यात सोडलो. तोंडार टोपी ठेवली, ऊन लागात म्हणान.”

तातू केळुसकर, जहाजाच्या इंजिनाला तेल घालणारा तेलवाला. मी नोंदवहीत त्याचं नाव इतक्यांदा वाचलं होतं की मला त्याचा चेहरा आठवतोय असं वाटलं.

सारंग माझ्या टेबलापाशी आला. अंगातल्या कोटाच्या बाह्या आता कोपरापर्यंतच होत्या. कापलेल्या कापडाचे रुमाल झाले होते. तो सरळ उभा राहिला आणि कुणी न विचारता म्हणाला:

“आता लिवा. जहाज बुडला. अठ्ठावीस जून. सोळा माणसा जिती असत. तातू केळुसकर गेलो.”

एवढ्या महिन्यांनी तो शब्द ऐकून त्रिलोकेकर आपल्या खोलीतून धावत येतील असं मला वाटलं होतं. ते आले, पण धावत नव्हे.

“आता नाही लिहिता यायचं,” ते म्हणाले.

मी कारण विचारलं. त्यांनी मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. जहाज बुडालं असं लिहिलं, तर जहाज अस्तित्वात आहे म्हणून आपण परराज्याला धाडलेली तार खोटी ठरते. साहेबांची लाल शाई खोटी ठरते. आणि साहेबांची त्याच शेऱ्याबद्दल तारीफ होऊन वरच्या जागी बदली झालेली. सरकार खोटं बोलतं असं सरकारी वहीत कसं लिहिणार? त्यांनी स्वतः टाक घेतला, थोडा विचार केला आणि एक सुंदर शेरा लिहिला: ‘जहाज प्रवासात. खलाशी पुढे आले.’

सोळाही जणांना त्याच आठवड्यात नळ्या मिळाल्या. पुढं आलेल्या माणसांना नळी देण्याला कोणताच नियम आड येत नव्हता.

“आणि तातू?” मी विचारलं.

त्रिलोकेकरांनी वही पाहिली. “तो पुढं आलेला नाही ना? मग तो जहाजावर आहे.”

मला वाटलं सारंग आता ओरडेल. तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत. मला म्हणाला, चला, वायच भायर चला. व्हरांड्यात लाल बादल्यांपाशी आम्ही उभे राहिलो.

“तुमच्या मोठ्या सायबान सतरा सालची गोष्ट सांगलेली. रोज येय, ओरडा. आठावता?”

“हो.”

“तो भिवा रामा गिरकर. उन्हाळाभर ह्याच व्हरांड्यात बसलेलो. हो सायब तेव्हा बारीक होतो, मिशी होती.” त्यानं नव्या नळीवर टिचकी मारली. “मगे धाकट्या भावान आपली नळी दिल्यान. सोनून. तो शेतार ऱ्हवलो. पंचवीस वर्षां मी सोनूच्या नावान दर्यार असंय. माका वळखूक नाय त्येनी. मेलेल्या माणसाच्या तोंडाक कोण बघता?”

मी त्रिलोकेकरांच्या दाराकडे पाहिलं.

“सांगा नुको,” तो म्हणाला. “तेंचा टिपण फुकट जायत.” मग जिना उतरता उतरता थांबला. “बरा झाला एका परीन. मी कागदार मेलेलो आणि दर्यार जितो. तातू दर्यार गेलो आणि कागदार जितो. कोणतरी हया, कोणतरी थया.”

तातूच्या घरी तो स्वतः गेला. तिथं जाऊन काय शब्द वापरला, मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी नव्या जहाजावर चढला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

त्रिलोकेकर रावसाहेब झाले. त्यांची खुर्ची यथावकाश मला मिळाली, पानाच्या डब्यासकट. इंग्रज गेले, कचेरीचं नाव बदललं, तेही कोणाला पूर्ण येईना. दर एप्रिलला प्रवासात असलेल्या जहाजांची यादी खालून वर येई. बाकीची नावं बदलत. एक बदलत नसे: मार्गरेट डॉसन, प्रवास वाढवलेला, खलाशी एक. समोर ‘मुदतवाढ द्यावी काय?’ असं छापलेलं असे. मी दर एप्रिलला ‘द्यावी’ असं लिहून सही करत गेलो. पंचवीस वेळा केली.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या सरनोबतांना कार्यभार देत होतो. हुशार गृहस्थ, एम. ए., कुठल्याशा परीक्षेत पहिले आलेले. यादी चाळताना ते थबकले.

“साहेब, हे जहाज बेचाळीस सालापासून प्रवासात आहे?”

“वाढलं ते.”

“म्हणजे नक्की काय झालं?”

मी डब्यातला अडकित्ता काढला आणि टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात सोडला. थोडं पाणी यादीवर उडालं.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी भांड्यात डोकावलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझी तब्येत बरी आहे ना अशा नजरेनं.

“बुडाला,” ते म्हणाले.

लगेच म्हणाले. आपलं कोणी दुसऱ्या होडीत नसलं की तो शब्द फार सोपा असतो. मी अडकित्ता काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि यादीवर शेवटची सही केली. द्यावी.